जारचं पाणी बाळाला द्यावं का? टीडीएस मीटरला जे दिसत नाही ते

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: धायरीच्या पुढे एका नव्या सोसायटीत राहणाऱ्या एका ताईंकडे टँकरचं पाणी येतं, म्हणून पिण्यासाठी त्या एक दिवसाआड २० लिटरचा जार घेतात. जारवाल्याने त्यांच्यासमोर टीडीएस मीटर पाण्यात बुडवून ३८ आकडा दाखवला आणि "बाटलीबंद पाण्यापेक्षा शुद्ध आहे, डोळे झाकून प्या" असं सांगितलं. घरात सात महिन्यांचं बाळ आहे आणि पंच्याहत्तरीच्या, मधुमेह असलेल्या सासूबाई आहेत. हे पाणी तसंच द्यावं, उकळावं, की सीलबंद बाटल्याच आणाव्यात, असं त्यांना विचारायचंय.

ताई, आधी उत्तर देते, मग कारणं. बाळाला आणि सासूबाईंना जारचं पाणी उकळूनच द्या. बाटल्यांचे खोके आणून ठेवायची गरज नाही. आणि जारवाल्याला टीडीएसचा आकडा विचारणं आजपासून बंद करा, दुसऱ्या चार गोष्टी विचारा. त्या पुढे सांगते.

मी सूक्ष्मजीवशास्त्राची. गेली बावीस वर्षं पाण्यातच गेली. आधी बाटलीबंद पाण्याच्या प्लांटमध्ये, आता पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. या काळात सर्वांत जास्त नुकसान कुठल्या एका समजुतीने केलं असेल, तर "टीडीएस कमी म्हणजे पाणी शुद्ध" या समजुतीने.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांची गोळाबेरीज. तो पेनासारखा मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते तेवढंच मोजतो आणि त्यावरून आकडा काढतो. जंतू त्याला दिसत नाहीत. तुमच्या त्या ३८ टीडीएसच्या पेल्यात सांडपाण्याचे दोन थेंब टाकले, तर मीटर ३८ किंवा फार तर ३९ दाखवेल, आणि पेल्यात ई. कोलाय (विष्ठेतून येणारे जंतू) हजारांनी असतील. शिशाचंही तेच. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. त्याच्या दसपट शिसं असलं तरी मीटरवर एका आकड्याचाही फरक पडणार नाही. पॅकबंद पाण्याचं भारतीय मानक आयएस १४५४३ टीडीएसला ५०० ची वरची मर्यादा घालतं, ती मुख्यतः चवीसाठी आणि क्षारांसाठी. त्याच मानकात जंतूंची अट मात्र कडक आहे: पाव लिटर पाण्यात कोलिफॉर्म (दूषित पाण्याची खूण धरले जाणारे जंतू), ई. कोलाय आणि स्यूडोमोनास एरुजिनोसा (ओल्या पाइपांत वाढणारा, अशक्त माणसांना त्रास देणारा जंतू) यांचा एकही जंतू सापडता कामा नये. जारवाला ५०० वाली अट अभिमानाने दाखवतो, पाव लिटरवाली अट त्याने बहुधा ऐकलेलीही नसते.

आता पाणी बिघडतं कुठे ते सांगते, कारण सगळा मुद्दा तिथेच आहे. बोअरचं किंवा टँकरचं पाणी प्लांटमध्ये आलं की त्यात क्लोरीन घालतात, मग वाळूचा फिल्टर, मग कोळशाचा म्हणजे कार्बन फिल्टर, मग बारीक कार्ट्रिज आणि शेवटी आरओ. यातल्या कार्बन फिल्टरचं एक काम क्लोरीन काढून टाकणं हे असतं. आरओच्या पडद्याला क्लोरीन सोसत नाही, पडदा खराब होतो. म्हणजे आरओमधून बाहेर पडणारं पाणी स्वच्छ असतं, पण त्याचा राखणदार आपण वाटेतच काढून घेतलेला असतो. महापालिकेच्या नळाला शेवटच्या घरापर्यंत लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं अशी अपेक्षा असते. आपल्या गावांत जलसुरक्षक नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करतो, दोन थेंब टाकतो आणि पाणी पिवळं झालं की मान हलवतो, ते हेच शिल्लक क्लोरीन. आरओच्या पाण्याला ओटी टेस्ट केलीत तर ते पांढरंच राहील. त्यात पुढे एक जंतू शिरला तर त्याला अडवणारं कोणी नाही.

म्हणून आरओनंतर यूव्हीचा म्हणजे अतिनील किरणांचा दिवा आणि ओझोन हा जंतू मारणारा वायू असतो. यूव्ही जंतू मारतो, पण फक्त दिव्यासमोरून जाताना. पुढच्या पाइपात त्याचा काही उपयोग नाही. शिवाय दिव्याचा निळा उजेड दिसला म्हणजे यूव्ही चालू आहे, हाही एक गैरसमज. जंतू मारणारे २५४ नॅनोमीटरचे किरण डोळ्यांना दिसतच नाहीत. दिवा जुना झाला किंवा त्याच्या काचेच्या नळीवर क्षारांचा थर बसला, तरी निळा उजेड येतच राहतो. ओझोन जास्त कामाचा, कारण तो पाण्याबरोबर जारमध्ये जातो आणि जारची आतली बाजू, झाकणाची आतली बाजू यांनाही धुऊन काढतो. पण त्याचं आयुष्य कमी, साध्या तापमानाला साधारण वीस मिनिटांत तो निम्मा होतो. म्हणजे जार भरल्यावर पहिल्या तास-दोन तासांत जे काय व्हायचं ते होतं. त्यानंतर पाण्याचं रक्षण फक्त सील करतं. लहान प्लांटमध्ये खर्च वाचवायला सगळ्यात आधी काय बंद होत असेल, तर ओझोनचं मशीन.

एक अनुभव सांगते. मी एका प्लांटला होते तेव्हा (चांगला प्लांट होता, मालक पैशाला मागेपुढे पाहत नसत) दर सोमवारच्या नमुन्यात स्यूडोमोनास यायचा. मंगळवार ते शनिवार सगळं स्वच्छ, सोमवारी पुन्हा तेच. पाव लिटर पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गोल कागदातून गाळायचं, तो कागद सेट्रिमाइडच्या प्लेटवर (स्यूडोमोनास वाढवून ओळखायची बशी) ठेवायचा आणि ३७ अंशांना ठेवून द्यायचा. दोन दिवसांनी कागदावर निळसर-हिरव्या टिकल्या उमटलेल्या असत, आणि प्लेटचं झाकण जरा सरकलं की द्राक्षांसारखा गोडसर वास. मी नाशिकची. तो वास माझ्या ओळखीचा, लहानपणापासून आवडीचा. पण प्रयोगशाळेत तो आला की पोटात गोळा येतो.

दोन आठवडे आम्ही एकेका टप्प्यावरून नमुने घेतले. आरओच्या तोंडाशी स्वच्छ. यूव्हीनंतर स्वच्छ. भरण्याच्या तोट्यांपैकी चार स्वच्छ, दोन हिरव्या. त्या दोन तोट्यांच्या मागे पाइपला एक हातभर फाटा निघाला. जुनं भरणी मशीन काढल्यावर उरलेला, टोकाला बूच मारून ठेवलेला. रविवारी प्लांट बंद असायचा. त्या फाट्यात पाणी उभं राहायचं, आत जंतूंचा चिकट थर जमायचा आणि सोमवारी पहिल्या दाबाबरोबर त्यातले थोडे सुटून जारमध्ये जायचे. पाइप कापून पाहिला तेव्हा डोळ्यांना जवळपास काही दिसत नव्हतं. बोट फिरवलं तेव्हा भेंडी चिरल्यासारखं बुळबुळीत लागलं, एवढंच. फाटा कापून टाकला, सगळी लाइन निर्जंतुक केली, दर सोमवारी पहिलं पाणी सोडून द्यायला लागलो आणि सोमवार स्वच्छ यायला लागले.

हे इतकं सविस्तर सांगितलं ते अशासाठी, की त्या प्लांटमध्ये रोज नमुने घेणारी माणसं होती, म्हणून दोन तोट्यांचा दोष सापडला. गल्लीतल्या ज्या शेडमधून तुमचा जार येतो तिथे नमुना घेणारं कोणी आहे का, हा खरा प्रश्न. आरओ कुठल्या कंपनीचा आहे, हा नाही.

आणि जार स्वतः. बाटली नवी असते, जार पन्नास घरं फिरून आलेला असतो. कोणी त्यात रॉकेल ठेवलेलं असतं, कोणी फिनेल. परत आलेला जार आधी हुंगायचा, उजेडात धरून आतून बघायचा, मग गरम कॉस्टिकच्या किंवा साबणाच्या द्रावणाने, मग निर्जंतुक द्रावणाने, मग आरओच्या पाण्याने धुवायचा, ही पद्धत. मी शेडमध्ये पाहिलंय ते असं: प्लास्टिकच्या टबात साबणाचं राखाडी झालेलं पाणी, त्यात जार बुडवायचा, लांब दांड्याचा ब्रश आत घालून चार वेळा फिरवायचा, की झाला जार तयार. ब्रशाने जारच्या आत बारीक ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांत जंतू घर करतात, तिथून ते धुऊन निघत नाहीत. तुमचा जार रिकामा झाला की खिडकीच्या उजेडासमोर तिरका धरा. आतून धुरकट, ओरखड्यांनी भरलेला दिसला किंवा गळ्याच्या आतल्या कडेला हिरवट छटा दिसली, तर तो जार परत देताना सांगा की हा पुन्हा आमच्याकडे आणू नका. हिरवट छटा म्हणजे शेवाळ, आणि शेवाळाला ऊन लागतं. म्हणजे भरलेले जार छोटा हत्तीत किंवा दुकानाबाहेर उन्हात उभे असतात.

२०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत तुमच्याच भागात, सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी इथे जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोम, हातपाय लुळे पाडणारा नसांचा आजार) रुग्ण झपाट्याने वाढले, ते तुम्हाला आठवत असेलच. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू सापडला, तो दूषित पाण्यातून आणि अन्नातून पोटात जातो. त्या वेळी महापालिकेने खाजगी आरओ प्लांटचे नमुने घेतले आणि त्यात दोषी आढळलेले प्लांट बंद केले. लोक नळाच्या पाण्याला घाबरून जारकडे वळले होते आणि जारमध्येही तोच धोका निघाला. दिलासा एवढाच की कॅम्पायलोबॅक्टर उकळीला आणि क्लोरीनला अजिबात टिकत नाही.

आता कायद्याचं थोडं, कारण त्यावरून जार ओळखता येतो. पॅकबंद पाण्याला २००१ पासून आयएसआय शिक्का सक्तीचा होता. २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने दिल्ली-मुंबईकडच्या बाटल्यांत कीटकनाशकांचे अंश दाखवले, त्यानंतर २००४ पासून प्रत्येक कीटकनाशकाला लिटरला ०.०००१ मिलिग्रॅम आणि सगळी मिळून ०.०००५ अशी मर्यादा आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, शिक्क्याची सक्ती काढली आणि नोव्हेंबरअखेर हे पाणी जास्त जोखमीच्या अन्नपदार्थांत घातलं, म्हणजे दरवर्षी बाहेरच्या संस्थेकडून ऑडिट आलं. माझं मत विचाराल तर शिक्का सक्तीचा होता तेच बरं होतं, कारण सामान्य माणसाला तो ओळखता यायचा. असो.

ज्याला आपल्याकडे 'थंड पाण्याचा जार' म्हणतात, लग्नाच्या हॉलमध्ये आणि दुकानांत ठेवलेला, तोटीचा, तो या सगळ्याच्या बाहेर पडतो. त्याला सील नाही, लेबल नाही, बॅच नंबर नाही. तो पॅकबंद ठरत नाही, आणि मग तो तपासायचा कोणी हा प्रश्न वर्षानुवर्षं अधांतरी राहिला. पाणी गार आहे म्हणजे ताजं आहे असं वाटतं. गारव्याने जंतूंची वाढ मंदावते, ते मरत नाहीत.

तर जारवाल्याला या चार गोष्टी विचारा. झाकणावर आणि गळ्यावर न फाटलेलं सील आहे का, आणि झाकण नवं आहे का? वापरलेली झाकणं धुऊन पुन्हा लावलेली मी पाहिली आहेत, त्यांच्या कडेला दातऱ्या मोडलेल्या असतात. लेबलवर चौदा आकड्यांचा एफएसएसएआय क्रमांक आहे का? तो त्यांच्या संकेतस्थळावर टाकून बघा, नाव आणि पत्ता जुळला पाहिजे. पहिला आकडा १ असला तर परवाना, २ असला तर नुसती नोंदणी. तिसरं, भरल्याची तारीख आणि बॅच नंबर. आणि चौथं, गेल्या महिन्याभरातला जंतू-तपासणीचा अहवाल. शेवटच्या प्रश्नाला जो माणूस रागावत नाही, "दाखवतो" म्हणतो आणि दोन दिवसांत खरंच कागद आणतो, त्याच्याकडून जार घ्या, दहा रुपये जास्त पडले तरी.

चांगला जारही घरात बिघडतो. तुमच्याकडे डिस्पेन्सर आहे असं तुम्ही लिहिलंय. कापूस गुंडाळलेली काडी त्याच्या तोटीत आतून फिरवून बघा. गुलाबी किंवा काळपट बुळबुळ आली तर समजा, की बाळाच्या पाण्याचा शेवटचा इंचभर प्रवास त्यातून होतोय. महिन्यातून एकदा, आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांनी, प्लग काढून डिस्पेन्सर पूर्ण रिकामा करा. पाच लिटर पाण्यात एक चहाचा चमचा साधं, सुगंध नसलेलं सोडियम हायपोक्लोराइट (बाजारात ४-५ टक्क्यांचं मिळतं) मिसळा, ते आत भरा, दोन्ही तोट्यांतून थोडं सोडा आणि दहा मिनिटं तसंच राहू द्या. मग सोडून देऊन चांगल्या पाण्याने वास जाईपर्यंत धुवा. नवा जार उलटा करण्याआधी त्याचा गळा उकळलेल्या पाण्यात पिळलेल्या स्वच्छ फडक्याने पुसा. प्लांटमध्ये ओझोनने धुतलेलं पाणी टेम्पोतल्या हातांनी धरलेल्या गळ्यावरूनच खाली उतरतं. उघडलेला जार दोन, फार तर तीन दिवसांत संपवा. तुमचा एक दिवसाआड संपतो, ते बरं आहे.

बाटल्यांबद्दल. परवाना असलेल्या कंपनीची सीलबंद बाटली जंतूंच्या बाबतीत जारपेक्षा खात्रीची असते, बाटली नवी असते आणि माणसाचा हात कमी लागतो. पण रोज घरात बाटल्याच वापराव्यात असं मी म्हणणार नाही. २०२४ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी बाटलीबंद पाण्यात लिटरला सरासरी २ लाख ४० हजारांच्या आसपास प्लास्टिकचे कण मोजले, त्यातले बहुतेक नॅनो आकाराचे. त्याचा शरीरावर नेमका परिणाम काय, यावर अजून काम चालू आहे, म्हणून मी घाबरवत नाही. पण ज्या घरात गॅस आणि पातेलं आहे तिथे तान्ह्या बाळासाठी प्लास्टिक वाढवायचं कारण नाही. प्रवासात बाटली जरूर घ्या. गाडीत उन्हात तापलेली पिऊ नका, आणि रिकामी बाटली चिरडून टाका, कारण न चिरडलेली बाटली पुन्हा भरली जाते.

कमी टीडीएसच्या पाण्याने बाळाची हाडं कच्ची राहतील का, असंही तुम्ही विचारलंय. ३८ टीडीएसच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम अगदी थोडं असतं, हे खरं. पण बाळाचं कॅल्शियम दुधातून येतं, मोठ्यांचं दूध, नाचणी, तीळ, पालेभाज्यांतून. ती काळजी सोडा. उलट यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या फ्लोराइडवाल्या गावांत आरओचं पाणी ही खरी गरज आहे. तिथे मी आरओच्या विरोधात एक शब्द बोलणार नाही. उकळून फ्लोराइड जात नाही, नायट्रेट जात नाही, पाणी आटल्याने उलट थोडं वाढतं. तुमच्याकडे आरओ होऊनच पाणी येतंय, तेव्हा उकळण्याने उरलेला प्रश्न, म्हणजे जंतूंचा, सुटतो.

खात्री करायची असेल तर एचटूएसची बाटली आणा. ग्रामपंचायतींत पाणी तपासायला वापरतात तीच. खुणेपर्यंत पाणी भरायचं, उबदार जागी ठेवायची आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी बघायची. पाणी काळं पडलं तर विष्ठेतल्या जंतूंची शंका धरायची आणि जार बंद करायचा. काळं पडलं नाही म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, कारण स्यूडोमोनास यात कळत नाही. पूर्ण तपासणीसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या किंवा सार्वजनिक आरोग्याच्या प्रयोगशाळेत विचारा, नाहीतर एनएबीएल मान्यता असलेल्या खाजगी प्रयोगशाळेत. बाटली त्यांच्याकडचीच निर्जंतुक केलेली न्या. घरच्या धुतलेल्या बाटलीत आणलेला नमुना आम्ही परत पाठवतो, आणि लोक रागावतात. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. सोसायटीतल्या आठ-दहा घरांनी मिळून एक नमुना जारचा, एक डिस्पेन्सरच्या तोटीचा आणि एक टँकरच्या टाकीचा दिला, तर खर्च वाटला जाईल आणि दोष कुठे आहे तेही कळेल.

बाळाचं रोजचं: स्टीलच्या पातेल्यात पाणी खळखळून उकळू द्या, मोठे बुडबुडे यायला लागल्यावर एक मिनिट पुरे. वीस मिनिटं उकळत ठेवायची जुनी सवय गॅस जाळते, जास्त काही देत नाही. झाकण ठेवूनच गार करा, ओतताना ओगराळं किंवा पेला आत बुडवू नका, तोटीच्या स्टीलच्या पिंपात ठेवा आणि चोवीस तासांनी उरलेलं झाडांना घाला. पावडरचं दूध देत असाल तर पाणी पूर्ण गार होऊ देऊ नका. उकळल्यावर साधारण अर्ध्या तासाच्या आत, निदान सत्तर अंशांचं असताना पावडर मिसळा आणि मग बाटली गार पाण्यात धरून कोमट करा. पावडर स्वतः निर्जंतुक नसते, त्या गरम पाण्याने तिच्यातले जंतूही मरतात. बाटली, बूच आणि वाटी-चमचा उकळून घ्या. सासूबाईंना त्याच पिंपातलं पाणी द्या, दोघांसाठी वेगळं काही करावं लागणार नाही.